सरकारी तिजोरीचे कुलूप आणि व्यापाऱ्याचे बिल

अमेरिका हा जगातील सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक. तरीही 1 ऑक्टोबर 2025 रोजी तेथील सरकारच्या अनेक कचेऱ्यांना टाळे लागले आणि ते 43 दिवसांनी, 12 नोव्हेंबरला उघडले. तिजोरीत पैसा नव्हता असे नव्हे. खर्चाचे विधेयक वेळेत मंजूर झाले नाही, एवढेच कारण होते. लाखो कर्मचारी बिनपगारी घरी बसले. विमानांचे मार्गदर्शन करणाऱ्यांनी बिनपगारी काम केले. सुमारे सव्वाचार कोटी गरिबांना मिळणारे धान्याचे सरकारी अनुदान नोव्हेंबरमध्ये लटकले. त्याआधी डिसेंबर 2018 ते जानेवारी 2019 या काळात 35 दिवस आणि 2013 मध्ये 16 दिवस असेच टाळे लागले होते.

ही बातमी वाचून आपल्या बाजारातील कित्येकांनी आम्हाला विचारले, की आपल्या सरकारचे असे शटर का पडत नाही? आपल्याकडे तर आमदार-खासदारांचे भांडण काही कमी नाही. प्रश्न रास्त आहे. ज्याचा माल सरकारी कचेरीत जातो, जो शाळेचे गणवेश शिवतो, सरकारी इमारतीला रंग देतो किंवा खिडक्या-दारे बनवतो, त्याची रोजी या प्रश्नाशी बांधलेली आहे. म्हणून या अंकात थोडा खुलासा करतो.

अमेरिकेत टाळे का लागते?

अमेरिकेचे सरकारी वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी खर्चाची बारा विधेयके तेथील संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर करावी लागतात आणि राष्ट्राध्यक्षाची सही व्हावी लागते. दोन सभागृहे दोन पक्षांकडे असली, किंवा सभागृह एकाचे आणि राष्ट्राध्यक्ष दुसऱ्याचा असला, की ओढाताण सुरू होते. मुदत टळली तरी कोणाची खुर्ची जात नाही. राष्ट्राध्यक्ष ठरलेली चार वर्षे राहतो, सभासदही आपापली मुदत पुरी करतात. भांडणाचा दंड भांडणाऱ्यांना होत नाही, तो कारकुनाला, शिपायाला आणि गरिबाला होतो.

मंजुरीशिवाय खर्च करू नये असा कायदा तेथे 1884 पासून आहे. तरीही बरीच वर्षे मंजुरी दोन-चार दिवस लांबली तर कचेऱ्या चालूच राहत. 1980 मध्ये तेथील महाधिवक्त्याने त्या जुन्या कायद्याचा कडक अर्थ लावला, की मंजुरी नसेल तर काम बंद, फक्त जीव आणि मालमत्तेच्या रक्षणाची कामे चालू. तेव्हापासून या टाळेबंदीचा रिवाज पडला.

यात व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. 2019 च्या कायद्याने तेथील सरकारी कर्मचाऱ्याला मागाहून सर्व पगार देण्याची हमी दिली. पण सरकारी इमारतीत झाडलोट करणारा, कँटीन चालवणारा, पहारा देणारा मजूर कंत्राटदाराचा असतो. त्याला अशी हमी नाही. त्याचे बुडालेले दिवस बुडालेच. सरकारी गाडा थांबला की पहिला मार शेवटच्या माणसाला बसतो, हे अमेरिकेत खरे आहे आणि रत्नागिरीतही खरे आहे.

आपल्याकडे कुलूप का लागत नाही?

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. उर्दू वर्तमानपत्रांत बजेटला ‘मीझानिया’ म्हणतात. मीझान म्हणजे तराजू. एका पारड्यात जमा आणि दुसऱ्यात खर्च. परंतु राज्यघटनेने या तराजूला एक तिसरी गोष्टही जोडली आहे, ती म्हणजे मुदत. आपले सरकारी वर्ष इंग्रजांच्या काळापासून, 1867 पासून, 1 एप्रिलला सुरू होते. कायद्याच्या मंजुरीशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून एक पैसाही काढता येत नाही. केंद्रासाठी घटनेचा 114 वा आणि राज्यांसाठी 204 वा अनुच्छेद हे सांगतो. म्हणजे अमेरिकेइतकेच कडक कुलूप आपल्या तिजोरीलाही आहे.

फरक किल्लीत आहे. घटनाकारांना ठाऊक होते, की मार्चअखेरपर्यंत सगळी चर्चा पुरी होईलच असे नाही. म्हणून केंद्रासाठी 116 व्या आणि राज्यांसाठी 206 व्या अनुच्छेदात त्यांनी लेखानुदानाची सोय केली. लेखानुदान म्हणजे पुऱ्या वर्षाच्या बजेटवर शिक्कामोर्तब होईपर्यंत काही महिन्यांच्या खर्चाला आगाऊ परवानगी. एखादा मालक परगावी जाताना मुनिमाला सांगतो, की मी येईपर्यंत नोकरांचे पगार, भाडे, वीज चालू ठेव, पण नवीन सौदा करू नकोस. तसाच हा प्रकार आहे. पगार, पेन्शन, इस्पितळाची औषधे, चालू कामे यांचा खर्च चालतो. मोठ्या नव्या योजना पूर्ण बजेटपर्यंत थांबाव्यात, असा संकेत आहे.

केंद्रात 2016 पर्यंत बजेट फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी मांडले जाई आणि मंजुरीला मे महिना उजाडे. त्यामुळे बहुधा दरवर्षी दोन महिन्यांचे लेखानुदान लागे. 2017 पासून बजेट 1 फेब्रुवारीला मांडले जाते, ते याचसाठी की 31 मार्चपूर्वी सर्व उरकावे आणि खात्यांना एप्रिलपासून पैसा हाती मिळावा.

आणखी तीन कड्या आहेत. पहिली, न्यायाधीशांचे पगार, कर्जाचे व्याज असे काही खर्च ‘प्रभारित’ असतात, त्यांवर मतदानच होत नाही. दुसरी, वरचे सभागृह पैशाचे विधेयक अडवू शकत नाही, चौदा दिवसांत परत पाठवावेच लागते. तिसरी कडी सर्वांत मजबूत आहे. आपल्याकडे मंत्रिमंडळ खालच्या सभागृहाला जबाबदार असते. सभागृहाने खर्चच नाकारला तर सरकारला जावे लागते. अमेरिकेत बजेट अडले की कचेरी बंद होते आणि खुर्ची शाबूत राहते. आपल्याकडे बजेट पडले की खुर्ची जाते आणि कचेरी चालू राहते. भांडणाऱ्याच्याच गळ्याला फास असल्यामुळे तो वेळेवर भानावर येतो.

कसोटीचे प्रसंग

हे सर्व कागदावरच आहे असे कोणी समजू नये. कसोटीचे प्रसंग आले आणि गेले.

मार्च 1968 मध्ये पंजाबच्या विधानसभेत गोंधळ झाला आणि अध्यक्षांनी सभागृह थेट दोन महिन्यांसाठी तहकूब केले. बजेट तसेच पडून राहिले आणि 31 मार्च तोंडावर आला. तेव्हा राज्यपालांनी अधिवेशन संस्थगित करून पुन्हा बोलावले. आर्थिक कामकाज पुरे होईपर्यंत सभागृहाच्या संमतीशिवाय ते तहकूब करता येणार नाही, असा वटहुकूमही काढला. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने हे रद्द ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी राज्यपालांची कृती योग्य ठरवली. एका माणसाच्या हट्टापायी राज्याची तिजोरी बंद पडू देता येत नाही, हा त्याचा मथितार्थ.

महाराष्ट्रात 1980 मध्ये 17 फेब्रुवारीला शरद पवारांचे सरकार बरखास्त झाले आणि राष्ट्रपती राजवट आली. 1 एप्रिल उजाडला तेव्हा विधानसभाच नव्हती. अशा वेळी विधानसभेचे अधिकार संसदेकडे जातात. त्यामुळे आपल्या राज्याच्या पैशाची मंजुरी मुंबईऐवजी दिल्लीच्या हाती गेली. पगार झाले, एस.टी. धावली, शाळा भरल्या. जूनमध्ये निवडणुकीनंतर आपल्या कोकणचेच ए. आर. अंतुले मुख्यमंत्री झाले.

1999 मध्ये 17 एप्रिलला वाजपेयी सरकार एका मताने पडले. बजेट अर्धवट होते. त्या वेळी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांनीही समजूतदारपणा दाखवला आणि लोकसभा विसर्जित होण्यापूर्वी बजेट चर्चेविना मंजूर करून दिले.

2016 मध्ये उत्तराखंडात 18 मार्चला विनियोजन विधेयकावरून सत्ताधारी पक्षाचे नऊ आमदार फुटले. विधेयक मंजूर झाले की नाही यावरच वाद उभा राहिला. 27 मार्चला राष्ट्रपती राजवट लागली आणि 1 एप्रिलपासूनच्या खर्चासाठी राष्ट्रपतींना लेखानुदानाचा वटहुकूम काढावा लागला. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली 10 मे रोजी बहुमताची चाचणी झाली आणि जुने सरकार परत आले. सरकार कोणाचे, हा वाद दीड महिना चालला, पण शिक्षकाचा पगार कोण देणार हा प्रश्न त्या वादात अडकला नाही.

आपोआप चालणारा गाडा बरा का?

काही जण म्हणतात, की मुदत टळली तर मागील वर्षाचे बजेट आपोआप चालू राहील असा कायदाच करावा. काही देशांत तशी सोय आहे. स्पेनमध्ये नवे बजेट मंजूर न झाल्यामुळे 2023 चे बजेटच 2024 आणि 2025 मध्ये पुढे चालवले गेले. जर्मनीच्या घटनेतही नवे बजेट होईपर्यंत आवश्यक खर्च चालू ठेवण्याची तरतूद आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये तेथील आघाडी मोडल्यावर 2025 साली तिचाच आधार घ्यावा लागला.

यात टाळे लागत नाही हे खरे. परंतु दुकानदार म्हणून आमचा अनुभव असा, की ज्या उधारीला मुदत नसते ती वसूल होत नाही. बजेट आपोआप चालू लागले तर आमदारांना चर्चेची घाई राहणार नाही. महागाई वाढेल आणि इस्पितळाच्या औषधांची रक्कम जुनीच राहील. आपली पद्धत या दोहोंच्या मधली आहे. गाडा थांबत नाही, पण सवलत थोड्या महिन्यांची असते आणि तीही सभागृहात मत देऊनच मिळते. ही पद्धत आम्हाला पसंत आहे.

कोकणचा हिशेब वेगळा

तरीही लेखानुदान फुकट मिळत नाही. त्याची किंमत कोकणाने सर्वांत जास्त मोजली आहे, आणि तीच गोष्ट मुंबईत बसलेल्यांच्या ध्यानात येत नाही.

2024 चे उदाहरण घ्या. लोकसभेची निवडणूक असल्याने राज्याचे अंतरिम बजेट 27 फेब्रुवारीला मांडले गेले आणि एप्रिल ते जुलै अशा चार महिन्यांचे लेखानुदान घेतले गेले. 16 मार्चला आचारसंहिता लागली, 7 मे रोजी आपल्या मतदारसंघात मतदान झाले, जूनमध्ये निकाल लागला आणि 28 जूनला पूर्ण बजेट आले. घाटावरच्या जिल्ह्याला हे चार महिने जड गेले नसतील. पण रत्नागिरीत रस्ता, साकव, शाळेची इमारत, मशिदीपुढची गटारसुद्धा ऑक्टोबर ते मे याच काळात बांधता येते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की गवंड्याची थापी आणि रंगाऱ्याचा ब्रश दोन्ही माळ्यावर जातात. नव्या कामांना पैसा आला तो नेमका पावसात. पाऊस सरला तोच 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. ती संपेपर्यंत नोव्हेंबर उलटत आला. एका वर्षात कोकणचा कामाचा हंगाम दोनदा कापला गेला.

याचा परिणाम राम आळीतल्या कापड दुकानापर्यंत पोचतो. गवंडी, सुतार, वेल्डर, रंगारी यांच्या हाती मे महिन्यात पैसा नसेल तर लग्नसराईचा बस्ता लहान होतो आणि उधारी वाढते. ईदेचे शिवणकाम कमी झाले की शिंप्याचे मशीन थांबते. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावहून आलेली थाने फळीवर पडून राहतात आणि त्यांच्या रकमेचा वायदा मात्र थांबत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. निवडणूक मे महिन्यात येणार हे पाच वर्षे आधी ठाऊक असते. अशा वर्षी पावसाळी जिल्ह्यांतील चालू कामांची यादी आणि त्यांचा निधी मार्चपूर्वीच पुरता वाटून टाकावा. चालू कामाला आचारसंहिता आड येत नाही.

शटर उघडे, गल्ला बंद

आता दुसरी बाजू. सरकारचे शटर पडत नाही हे खरे, पण शटर उघडे ठेवून गल्ला बंद ठेवण्याची कला आपल्याकडे चांगली अवगत आहे. बजेट मंजूर होणे आणि पैसा हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभागृहाने मंजुरी दिली तरी वित्त विभागाने खात्याला निधी सोडावा लागतो, खात्याने तो जिल्ह्याला वाटावा लागतो आणि मग कोशागारात बिल पास होते. कुठेही गाठ पडली की व्यापारी अडकतो. अमेरिकेत टाळे लागले तर साऱ्या जगात बातमी होते. येथे बिल अडले तर ते फक्त व्यापाऱ्याच्या खतावणीत दिसते.

फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यभरातील कंत्राटदारांनी कामे बंद ठेवली. त्यांच्या संघटनांचा दावा होता, की निरनिराळ्या खात्यांकडे सुमारे 89 हजार कोटी रुपये थकले आहेत. बजेट तर वेळेवर मंजूर झाले होते. मग असे का झाले? कारण कामे मंजूर करताना तिजोरीकडे पाहिले गेले नाही. 28 जून 2024 ला पूर्ण बजेट मांडले आणि दोन आठवड्यांच्या आत सुमारे 95 हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. वही आज लिहायची आणि पंधरवड्यात खोडायची, असे कोणत्याही पेढीत चालत नाही.

गणवेशाचे उदाहरण तर आमच्याच धंद्यातले. 2024-25 मध्ये राज्याने सर्व सरकारी शाळांसाठी एकच गणवेश ठरवला. तोपर्यंत शाळा व्यवस्थापन समिती गावातच कापड घेऊन शिवून घेई. त्या वर्षी कापड वरून एकगठ्ठा खरेदी झाले आणि शिलाई महिला बचत गटांकडे गेली. पैशाची तरतूद होती, मंजुरी होती, पण कापड वेळेवर पोचले नाही. अनेक शाळांतील मुलांनी 15 ऑगस्टचे झेंडावंदन जुन्या कपड्यांत केले. अखेर डिसेंबर 2024 मध्ये हा अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे देण्यात आला. एका गणवेशाला 300 रुपये अशी जी रक्कम असते, ती गावातल्या शिंप्याच्या आणि छोट्या कापड दुकानाच्या हिशेबाची रक्कम आहे. ती एक हंगाम हुकली तर त्या घरातील मुलाची फी हुकते.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका सरकारी कचेरीला पडद्यांचे कापड दिले. माल फेब्रुवारीत गेला, पोच मिळाली. बिल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. 31 मार्चला सांगण्यात आले, की ग्रँट लॅप्स झाली, आता नव्या वर्षाची तरतूद येईल तेव्हा पाहू. पैसे मिळाले ते दिवाळीनंतर. पडदे मात्र तोवर आठ महिने खिडकीला लटकत होते.

31 मार्चची ही घाई सरकारला ठाऊक नाही असे नाही. केंद्र सरकारच्या वित्त खात्याने आपल्या खात्यांसाठी दंडक घातला आहे, की शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या तरतुदीच्या 33 टक्क्यांपेक्षा आणि एकट्या मार्चमध्ये 15 टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये. असाच दंडक राज्यात आणि जिल्ह्यात कसोशीने पाळला, तर छोट्या पुरवठादाराची निम्मी चिंता मिटेल.

जिल्हा परिषदेला आपले बजेट 27 मार्चपूर्वी मंजूर करावे लागते. 2022 नंतर काही वर्षे राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांवर प्रशासक होते. बजेट वेळेवर झाले, पण ते मांडणारा अधिकारी आणि मंजूर करणाराही अधिकारीच. मुदत पाळली गेली, आणि आपल्या वॉर्डाच्या गटारीसाठी भांडणारे मात्र कोणी नव्हते. वेळेवर झालेले प्रत्येक बजेट चांगलेच असते असे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

व्यापारी व कारागीर बांधवांनी काय करावे?

घटनेने सरकारची व्यवस्था केली आहे. आपली व्यवस्था आपण करायची आहे.

एक, तोंडी ऑर्डरवर सरकारी कचेरीला माल देऊ नये. लेखी कार्यादेश घ्यावा. त्यावर प्रशासकीय मंजुरीचा क्रमांक आणि लेखाशीर्ष आहे का, हे पाहावे. निधी उपलब्ध आहे का, हे विचारायला लाजू नये.

दोन, निवडणुकीच्या वर्षी लेखानुदान चालू असताना नव्या कामाची ऑर्डर आली तर दुप्पट सावध राहावे. चालू कामाचा पैसा येतो, नव्याचा लांबतो.

तीन, बिल मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ठेवू नये. जानेवारी-फेब्रुवारीत द्यावे आणि तारखेच्या शिक्क्याची पोच फाइलला लावावी.

चार, जी.एस.टी. बिलाच्या तारखेवर भरावा लागतो, पैसे मिळाल्याच्या तारखेवर नाही. तेवढी रक्कम पहिल्यापासून बाजूला ठेवावी.

पाच, जे स्वतः माल तयार करतात किंवा सेवा देतात, अशा छोट्या कारागिरांनी उद्यम नोंदणी काम घेण्याआधी करावी. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याप्रमाणे खरेदीदाराने, मग तो सरकारी असला तरी, 45 दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास सुलभता परिषदेकडे दाद मागता येते. कायद्यात उशिरासाठी बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. व्याज घ्यावे की नाही, हे ज्याने-त्याने आपल्या ईमानाला विचारावे, पण मुद्दल मागण्यात संकोच नसावा. आमच्यासारख्या नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र उद्यम नोंदणी असूनही हा लाभ मिळत नाही. व्यापारी संघटनांनी याबद्दल आवाज उठवायला हवा.

सहा, सरकारी उधारी आपल्या भांडवलाच्या किती हिश्श्यापर्यंत जाऊ द्यायची, याची रेघ स्वतः आखून घ्यावी. सरकार बुडत नाही हे खरे, पण सरकारची वाट पाहता पाहता व्यापारी बुडू शकतो.

शेवटी एवढेच, की मार्च महिन्यात मुंबईत बजेटवर चर्चा होते तेव्हा आपण ती बातमी राजकारण म्हणून उलटून टाकतो. तसे करू नये. आपल्या आमदाराला दोन प्रश्न जरूर विचारावेत. रत्नागिरीच्या कामांचा निधी पावसाआधी येणार का? आणि मागील वर्षाची थकलेली बिले नव्या कामांच्या आधी फेडणार का? मतदार हे विचारू लागला, तर उत्तर देणाऱ्यालाही तारखेची आठवण राहील, इन्शाअल्लाह.